मुलाचं नाव कुणाचंच नसेल असं ठेवायचंय, घरचे ऐकत नाहीत, काय करू?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण सहा वर्षांपूर्वी आमच्या घरी हीच भांडणं चालू होती. तुम्ही लिहिलंय की बारसं तोंडावर आलंय, तुम्हाला रेयांश आवडलंय, मिस्टरांना उधाण ठेवायचंय आणि सासूबाई आजेसासऱ्यांचं गुणाजी सोडायला तयार नाहीत.

माझ्या मुलाचं नाव अगस्ती. मी देवगडच्या बाजूला एका ई-सेवा केंद्रात बसते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची नावंच टाइप करते, त्यामुळे जरा जास्त बोलणार आहे, समजून घ्या.

पहिलं रेयांश. राग मानू नका पण हे वेगळं नाव राहिलेलं नाही हो. शिवांश, रुद्रांश, अयांश, रेयांश, आमच्या अंगणवाडीत बाईंनी "अंश" एवढं म्हटलं तरी चार पोरं मागे वळतात. सगळ्यांना वेगळं नाव हवं असतं आणि सगळे शोधतात त्याच दोन-तीन साइटवर, मग होणार काय. त्या साइटवरचे अर्थही बघा, कुठलंही नाव टाका, सूर्याचा किरण नाहीतर विष्णूचा अंश. अर्थ बघायचाच असेल तर शब्दकोशात बघा, मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोशसुद्धा आता ऑनलाइन फुकट मिळतो, त्यात शब्द सापडला तर तो आपल्या भाषेतला म्हणायचा.

उधाण ऐकायला भारी आहे, पण तुम्ही किनाऱ्यावर राहता ना? आमच्याकडे उधाण म्हणजे पुनवेला-अवसेला चढणारं पाणी, माडाची मुळं उघडी पडणं, होड्या वर ओढणं. तुम्ही खळ्यातून, म्हणजे अंगणातून, "उधाणाऽऽ" म्हणून हाक मारलीत तर अर्धी वाडी दोर घेऊन धावत येईल. माझी एकच परीक्षा आहे, दारात उभं राहून मागच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, ऐकू जाईल अशी हाक मारून बघायची, दहा वेळा, शेवटची पाच रागाने. त्यात नाव टिकलं तर पुढे विचार करा.

आमचं अगस्ती कसं आलं तर सासरे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जायचे, ते म्हणायचे "अगस्ती उगवलो काय पाणी निवळता". तो दक्षिणेकडचा तारा, रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल सगळ्यात तेजस्वी, आपल्याकडून क्षितिजाच्या फार वर येत नाही. पावसाळा सरता सरता पहाटे दिसायला लागतो, मुलगा सप्टेंबरचा, आणि अगस्ती ऋषींनी समुद्र पिऊन टाकला ही गोष्ट तर सगळ्यांना माहीत, म्हणून मला वाटलं घरचे खूश होतील. सासूबाई म्हणाल्या, "ह्या खंयचा नाव? भाजयेचा?" कारण हादग्याला अगस्ता पण म्हणतात. बारशाला नणंदेने कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, तर पाळण्याजवळच्या बायका एकमेकींना विचारतायत "काय म्हणाली गो?"

आता त्याचं काय झालं ते ऐका. शाळेतली पोरं गस्ती म्हणतात, आणि बंदरात मत्स्य विभागाची बोट दिसली की गस्ती नौका. नवरा अग्या म्हणतो. सासूबाई बाबू. नाव काहीही ठेवा, मालवणी माणूस त्याला ओ लावणार, नाहीतर त्याचा बाबू करणार.

खरा त्रास मात्र कागदावर होतो. लसीच्या कार्डावर एका ठिकाणी सरळ ऑगस्ट लिहून दिलं. इंग्रजीत टी की टीएच, शेवटी आय की वाय, हे आम्ही आधी ठरवलं नव्हतं, मी स्वतः या कामात असून. जन्माच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं, ते निस्तरायला चार महिने गेले. म्हणून दोन्ही लिपीतलं स्पेलिंग घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच द्या. घाई अजिबात नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते पण नाव नंतरही घालता येतं, वर्षभरात घातलं तर फी नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण एकदा घातलेलं नाव बदलणं म्हणजे राजपत्र वगैरे, ते नको. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेला हाच जन्माचा दाखला लागतो. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव येतं, आधी मुलाचं, मग आईचं, वडलांचं, आडनाव, तर चारही एका दमात म्हणून बघा.

पत्रिकेतलं अक्षर अडत असेल तर नावरस नाव पत्रिकेत राहू दे, व्यवहारात दुसरं ठेवा, आमच्याकडे सगळे तेच करतात.

आणि आता खरं सांगू? मला गुणाजी आवडलं. गेल्या कित्येक वर्षांत मी एका तरी लहान मुलाच्या फॉर्मवर गुणाजी टाइप केलेलं आठवत नाही. पूर्वी मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, भिकाजी ठेवायचे, ती नावं आपल्याला कशीतरी वाटतात, पण दापोलीजवळच्या मुरुडात वाढलेल्या धोंडो केशव कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं तेव्हा कुणाला नाव खटकलं नसणार. गुणाजी त्या मानाने किती गोड आहे. एक अडचण आहे, सासूबाई स्वतःच त्याला त्या नावाने हाक मारणार नाहीत, सासऱ्यांचं नाव तोंडात कसं घेणार. त्यामुळेच तर आमच्या वाडीत एवढे आबा आणि आप्पा आहेत, सगळे आजोबांच्या नावाचे, वय वर्षं पाच.

आमच्याकडे परवा मुंबईहून पाहुणे आले होते, त्यांनी नाव विचारलं तर पोरगा खेळता खेळता मान वर न करता म्हणाला, "अगस्ती. ऑगस्ट नाय, मी सप्टेंबरचो."