दोन शब्दांच्या उत्तरामागे

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र सावकाश वाचले. त्यातले प्रसंग खरे आहेत, याविषयी मला शंका नाही. तू सविस्तर ईमेल लिहितेस आणि उत्तरादाखल नुसते 'ओके, बघतो' येते. बैठकीत तू पार्श्वभूमी सांगू लागलीस की तुझे मॅनेजर मध्येच 'मुद्दा काय आहे?' म्हणून विचारतात. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर न देता ते पूर्वसूचनेशिवाय फोन करतात. मात्र या प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी 'म्हणजे त्यांना माझ्या कामाची किंमत नाही' असा जो निष्कर्ष तू काढला आहेस, तो मला त्या प्रसंगांतून निघताना दिसत नाही. घडलेली गोष्ट आणि तिचा तू लावलेला अर्थ, ही दोन्ही तुझ्या पत्रात एकाच वाक्यात बसली आहेत, आणि त्यामुळे तुला राग नेमका कशाचा आला आहे हे तुलाच नीट कळेनासे झाले असावे.

वरिष्ठांपुढे आपण एखादी गोष्ट मांडतो, तेव्हा त्यांना तिचे पुढे काहीतरी करायचे असते. एकतर त्यावर निर्णय द्यायचा असतो, किंवा ती गोष्ट आणखी वरच्या कोणाला तरी सांगायची असते, किंवा केवळ कानावर असू द्यायची असते. यांपैकी काय अपेक्षित आहे हे बोलणाऱ्याने पहिल्या काही वाक्यांत सांगितले नाही, तर ऐकणारा ते शोधू लागतो, आणि घाईत असलेला माणूस शोधताना मध्येच तोडतो. तोडणे सभ्यपणाचे नाही, हे मला मान्य आहे. परंतु 'मुद्दा काय आहे?' या प्रश्नाचा अर्थ पुष्कळदा 'यात मी काय करायचे आहे?' एवढाच असतो. तुझ्या मॅनेजरांच्या बाबतीत तसे आहे की नाही, हे तुला तपासून पाहता येईल.

त्यासाठी पुढचे काही आठवडे एक साधी नोंद ठेव. कोणत्या गोष्टीला त्यांनी लगेच प्रतिसाद दिला, ती कोणत्या माध्यमातून आणि दिवसाच्या कोणत्या वेळी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती आणि ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न कोणता विचारला, एवढेच लिही. पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. काही वरिष्ठ आधी 'कधी होईल?' विचारतात, काही 'असे का झाले?' विचारतात, तर काहींचा पहिला प्रश्न 'हे आणखी कोणाला माहीत आहे?' असा असतो. जो प्रश्न पुन्हा पुन्हा आधी येतो, ती त्या माणसाची काळजी असते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर तुझ्या सांगण्याच्या आरंभी आले, तर उरलेले ऐकण्याइतके स्वास्थ्य त्याला लाभते. नोंदीत विशेषणे मात्र लिहू नकोस. 'तुसडेपणाने बोलले' असे लिहिलेस की पुढच्या वेळी तू तुसडेपणाच शोधशील.

माध्यमाचा प्रश्न तुला वाटतो त्याहून जुना आहे. व्यवस्थापनशास्त्रावर आयुष्यभर लिहिणाऱ्या पीटर ड्रकर यांनी १९९९ साली लिहिलेल्या एका लेखात माणसांचे 'वाचणारे' आणि 'ऐकणारे' असे दोन प्रकार सांगितले होते, आणि आपण यांपैकी कोण आहोत हे फार थोड्यांना ठाऊक असते असे त्यांचे निरीक्षण होते. उदाहरण त्यांनी अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांचे दिले आहे. केनेडी वाचणारे होते; त्यांनी आपल्याभोवती उत्तम लिहिणारी माणसे गोळा केली होती. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन्सन यांनी तीच माणसे कायम ठेवली, पण जॉन्सन मुळात ऐकणारे होते, त्यामुळे त्या उत्तम लेखनातले फारसे काही त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही आणि त्यांच्या अपयशाचे ते मोठे कारण ठरले, असे ड्रकर म्हणतात. एका राष्ट्राध्यक्षाच्या अपयशाला एवढे एकच कारण पुरेसे आहे का, याविषयी मला शंका आहे. परंतु लिहिणारे तेच, त्यांची गुणवत्ता तीच आणि ग्रहण करणारा बदलताच परिणाम बदलला, ही त्यातली गोष्ट तुझ्या कामाची आहे. तू वर्णन केलेस त्यावरून तुझे मॅनेजर मला ऐकणारे वाटतात. लेखी प्रश्न आला की ते फोन उचलतात, यात तुझ्या लिहिण्याचा अनादर नसेल. त्यांना विचार करण्यासाठी संवाद लागत असेल. अशा माणसाशी आधी पाच मिनिटे बोलावे आणि जे ठरले ते नंतर लिहून पाठवावे. वाचणाऱ्या वरिष्ठांच्या बाबतीत हाच क्रम उलटा करावा लागतो.

आता तुझ्या ईमेलविषयी. तू नमुन्यादाखल पाठवलेले पत्र काळजीपूर्वक लिहिलेले आहे, पण ते तुला गोष्टी ज्या क्रमाने कळत गेल्या त्या क्रमाने लिहिलेले आहे. आधी पुरवठादाराशी झालेले बोलणे, मग त्याची अडचण, मग तू शोधलेले दोन पर्याय, आणि अगदी शेवटच्या परिच्छेदात 'तारीख पुढे ढकलावी लागेल असे वाटते' हे वाक्य. ज्याला निर्णय द्यायचा आहे त्याला ते वाक्य पहिले हवे असते. अमेरिकी सैन्यदलांच्या लेखी पत्रव्यवहारात निष्कर्ष आरंभी देण्याचा दंडकच आहे. तिथल्या नौदलाच्या पाणबुड्यांवर रुजलेली एक पद्धत पुढे रुग्णालयांत परिचारिका आणि डॉक्टर यांच्यातील निरोपांसाठी स्वीकारली गेली. तिच्यात आधी सध्याची परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग स्वतःचा अंदाज आणि शेवटी आपण सुचवत असलेली कृती असा क्रम असतो. रात्री उठवलेल्या डॉक्टरला रुग्णाचा सगळा इतिहास आधी ऐकवायचा नसतो, हे तिथे कोणाला पटवावे लागत नाही. तुझ्या पत्राचा आरंभ मी असा केला असता: 'काम ठरल्या तारखेला पूर्ण होणार नाही, आठ दिवसांची मुदतवाढ किंवा दुसरा पुरवठादार, यांपैकी एकाला गुरुवारपर्यंत आपली मान्यता हवी आहे. माझ्या मते मुदतवाढ अधिक सोयीची आहे. कारणे खाली दिली आहेत.' त्याखाली तुझे मूळ पत्र जवळजवळ आहे तसे ठेवता येईल. त्यातला एकही तपशील गाळावा लागत नाही, म्हणून 'त्यांच्यासाठी मी माझी पद्धत का सोडू?' हा तुझा प्रश्न मला इथे फारसा लागू वाटत नाही.

त्यांच्या 'ओके, बघतो' याविषयी इतकेच सांगतो की, लेखी मजकुरातून सूर ओळखण्यावर फार विसंबू नये. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना उपरोधिक आणि सरळ अशी दोन्ही प्रकारची वाक्ये ईमेलने किंवा बोलून पोहोचवायला सांगितली होती. आपला सूर समोरच्याला कळेल, याची खात्री दोन्ही गटांना सारखीच होती. प्रत्यक्षात बोललेल्या वाक्यांचा सूर बऱ्याच अंशी ओळखला गेला, आणि ईमेलमधला सूर ओळखण्याचे प्रमाण केवळ अंदाजाने उत्तर दिल्यास मिळावे त्याहून फारसे अधिक नव्हते. दोन शब्दांत तू जो कोरडेपणा वाचतेस, तो कदाचित त्यात असेलही, परंतु तो तिथे आहे हे तुला त्या दोन शब्दांवरून कळू शकत नाही. 'बघतो' म्हणजे मंजुरी की टाळाटाळ, हे मात्र सरळ विचारावे: 'आपली मान्यता आहे असे समजून मी उद्या पुढे जाऊ का?'

याहून अधिक काळजी मला तुझ्या स्वतःच्या एका सवयीची वाटते, आणि तिच्याकडे तू फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. वरिष्ठांशी बोलताना तू वाईट बातमी मऊ करतेस. 'थोडा उशीर होऊ शकेल असे वाटते', 'जमल्यास एकदा पाहावे', 'तशी फार मोठी अडचण नाही' ही वाक्ये तुझ्याच ईमेलमधली आहेत, आणि त्यांच्याखाली दडलेली गोष्ट काम अडल्याची आहे. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ साली हा भेद नीट मांडला होता: काही समाजांत बोलण्याचा बराचसा अर्थ नात्यात, प्रसंगात आणि न बोललेल्यात असतो, तर काहींत तो उच्चारलेल्या शब्दांतच असावा लागतो. हॉल समाजांविषयी बोलत होते, परंतु एकाच कार्यालयातल्या दोन माणसांतही ही दरी असते. तुला वाटते, एवढे सूचित केले म्हणजे पुरे. तुझे मॅनेजर शब्दांपलीकडे पाहत नाहीत, आणि शब्दांत तर 'फार मोठी अडचण नाही' असेच लिहिलेले असते.

या मऊपणाची किंमत किती होऊ शकते याचे एक विदारक उदाहरण विमानवाहतुकीच्या इतिहासात आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियातून न्यूयॉर्कला येणारे आविआंका कंपनीचे ५२ क्रमांकाचे उड्डाण खराब हवामानामुळे तासाहून अधिक काळ आकाशात थांबवून ठेवण्यात आले. इंधन संपत आले होते. वैमानिकांनी जमिनीवरील हवाई वाहतूक नियंत्रकांकडे प्राधान्य मागितले, पहिला उतरण्याचा प्रयत्न फसल्यावर इंधन संपत असल्याचेही सांगितले, पण ज्या एका शब्दाने नियंत्रकांना सारे बाजूला ठेवून मार्ग मोकळा करावा लागला असता, तो 'आणीबाणी' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळले आणि १५८ जणांपैकी ७३ जण मृत्युमुखी पडले. अमेरिकी तपास यंत्रणेने कारणमीमांसेत या न कळवलेल्या आणीबाणीचा स्पष्ट उल्लेख केला. नियंत्रकांनी दुर्लक्ष केले असे म्हणणे सोपे आहे, पण त्यांच्या कानांवर जे शब्द पडले ते नेहमीच्या गर्दीत रोज पडणाऱ्या शब्दांसारखे होते. तुझ्या कामात कोणाचा जीव जात नाही, हे खरे. तरीही काम अडले असेल तेव्हा 'काम अडले आहे' असेच लिही. आदर संबोधनात आणि स्वरात राहू दे, वस्तुस्थितीत त्याची भेसळ नको.

उलट दिशेने, म्हणजे वरिष्ठांकडून तुझ्याकडे येणाऱ्या संदिग्धतेवरही विमानवाहतुकीतलाच एक उपाय आहे. नियंत्रकाने दिलेली सूचना वैमानिक जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो आणि नियंत्रक ती ऐकून चूक असल्यास दुरुस्त करतो. 'हे एकदा नीट बघून घे' अशी सूचना मिळाली, तर जागेवरच म्हणावे: 'म्हणजे आकडे तपासून बुधवारी आपल्याला पाठवायचे, मांडणी बदलायची नाही, असे मी समजते.' फोनवर ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी तीन-चार ओळींत लिहून पाठव. यात अविश्वास दिसेल अशी भीती तुला वाटते. पहिल्याच वेळी 'माझ्याकडून काही निसटू नये म्हणून लिहून ठेवते' एवढे सांगितलेस तर तसे सहसा होत नाही. शिवाय 'मी असे म्हणालोच नव्हतो' हा प्रसंग कधी आलाच, तर त्या ओळी उपयोगी पडतील, हेही उघड बोलायला हरकत नाही.

हे सारे एकटीने ओळखत बसण्यापेक्षा मॅनेजरांना थेट विचारणे अधिक बरे. जॉन गॅबारो आणि जॉन कॉटर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९८० सालीच लिहिले होते की वरिष्ठाशी असलेले नाते जुळवणे ही कनिष्ठाच्याही कामाचीच बाब आहे, त्यात लांगूलचालन नाही. मात्र वेळ निवडून विचार. बैठकीत तुला तोडले गेल्यावर लगेच हा विषय काढलास तर ती तक्रार ठरेल. दोघांचीच नियमित भेट असेल तेव्हा म्हण: 'माझे अहवाल आपल्याला कसे मिळाले तर सोयीचे होईल? मी सध्या सविस्तर लिहिते; त्याऐवजी आधी बोलून मग लिहिले तर चालेल का?' प्रश्नात तुझा स्वतःचा पर्याय असू दे, कारण 'कसे हवे?' एवढेच विचारले तर बहुतेक वरिष्ठ 'आहे ते ठीक आहे' म्हणून विषय संपवतात. त्याच भेटीत तुझी एक गरजही सांग. अचानक आलेल्या फोनवर तुला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून आधी एका ओळीत विषय कळवला तर तू कागद समोर ठेवून बोलशील, ही मागणी रास्त आहे आणि तिच्यात त्यांचाही फायदा आहे. सगळ्या गरजा एकदम मांडू नकोस.

आणखी एक सांगणे आवश्यक आहे. चारचौघांत केलेली मानहानी, आरडाओरडा, तुझ्या स्त्री असण्यावरून किंवा बोलण्याच्या ढबीवरून केलेली टिंगल, किंवा माहिती मुद्दाम दडवून तुला अडचणीत आणणे, यांना शैलीतला फरक म्हणू नये. तिथे माध्यम बदलून आणि निष्कर्ष आधी लिहून काही साधणार नाही. तारखांसह नोंद ठेवावी आणि कार्यालयात जी अधिकृत व्यवस्था असेल तिच्याकडे जावे. तुझ्या पत्रात मला यांपैकी काही दिसले नाही, पण पत्रात सगळेच लिहिले जाते असे नाही, म्हणून विचारतो.

इतके करूनही काही अंतर राहीलच. ज्यांना शाबासकी शब्दांत देता येत नाही, ते तुझ्या पद्धतशीर ईमेलमुळे ती देऊ लागतील असे मी म्हणणार नाही. कामाचे मोल कळण्यासाठी त्यांच्या एकट्याच्या प्रतिसादावर अवलंबून राहू नकोस. ज्या सहकाऱ्यांना तुझे काम पुढे वापरावे लागते, त्यांना ते कसे वाटते हे अधूनमधून विचारत जा.

तूर्त पुरवठादाराच्या त्या ईमेलचा नवा मसुदा तयार कर आणि पाठवण्यापूर्वी मला दाखव. मॅनेजरांशी भेट कधी ठरते तेही कळव, म्हणजे तिथे काय विचारायचे ते आपण आदल्या दिवशी फोनवर एकदा बोलून घेऊ.

तुझा हितचिंतक