गाजलेलं आणि लोकप्रिय: फरक आहे का?

प्रश्न असा आहे: एका पॉप गाण्यावरून दोन मित्रांत जुंपली. एक म्हणाला, "एवढं लोकप्रिय झालंय म्हणजे गाणं चांगलंच असणार." दुसरा म्हणाला, "ते नुसतं गाजलंय, लोकप्रिय वगैरे काही नाही." असा फरक मराठीत खरंच आहे, की ही वादापुरती काढलेली पळवाट?

फरक आहे. 'गाजणे' संस्कृत 'गर्ज्' धातूपासून प्राकृतमार्गे आलं. मुळात तो फक्त आवाज. कौतुकाचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. म्हणून खटला गाजतो, घोटाळाही गाजतो. 'लोकप्रिय घोटाळा' मात्र कुणी म्हणत नाही, कारण 'प्रिय' म्हटलं की कुणीतरी जीव लावलेला असावा लागतो.

खरी गंमत प्रयोजक रूपात आहे. गाणं गाजलं, इथे कर्तेपण कुणाकडेच नाही, आपोआप घडल्यासारखं. 'गाजवलं' म्हटलं की लगेच "कुणी?" असा प्रश्न येतो. "गायिकेनं गाजवलं" ही शाबासकी (सभा गाजवणे, मैदान गाजवणे याच घरातले), आणि "कंपनीनं गाजवलं" हा चक्क आरोप! क्रियापद तेच, कर्ता बदलला की सूर फिरतो. दुसऱ्या मित्राच्या तोंडी 'गाजलंय' असलं तरी मनात 'गाजवलंय' असावं, असा माझा तर्क.

'डोक्यावर घेणे'चंही तसंच. "श्रोत्यांनी गाणं डोक्यावर घेतलं" ही स्तुती, पण आधी 'उगाच' लागलं की श्रोत्यांचीच खरडपट्टी. 'डोक्यावर बसवणे'ला तर 'उगाच'चीही गरज नाही.

आता पहिल्या मित्राचं अनुमान. 'लोकप्रिय' हा शब्द लोकांबद्दल सांगतो, गाण्याच्या दर्जाबद्दल नाही. साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी 2006 साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला होता. अनोळखी बँडची 48 गाणी घेतली आणि ऐकणाऱ्यांचे वेगवेगळे गट केले. काही गटांना आपल्याच गटात कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड झालंय ते दिसायचं. गाणी तीच, पण प्रत्येक गटात वेगळी गाणी वर आली. फार चांगली सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. तेव्हा दोघेही थोडे थोडे बरोबर, आणि याचा दोघांनाही राग येईल.

राहिला प्रश्नातला उपप्रश्न: "गाण्याची तेवढी लायकी आहे का?" हे वाक्य चालेल का? व्याकरणानं चालेल, पण 'लायकी' आता बहुतेक भांडणातच निघते, त्यामुळे साधी शंकाही अपमानासारखी वाटते. 'योग्यता' सौम्य आहे, जरा पुस्तकी. बोलताना आपण '-सारखं' नाहीतर '-जोगं' लावून मोकळे होतो: "एवढं गाजण्यासारखं काय आहे त्यात?" हा 'जोगा' 'योग्य'चाच तद्भव, म्हणजे पात्रतेचा अर्थ त्यात आधीपासून आहे. शिवाय त्यात मधली भूमिकाही घेता येते, जी 'लोकप्रिय'-'गाजलेलं'च्या ओढाताणीत हरवते: "ऐकण्याजोगं आहे, एवढं गाजण्याजोगं नाही."