लिनक्सच्या कमांड विंडोजवर चालवताना संगणक बंद पडतो तेव्हा

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टॉवेल कारखान्यात जकार्ड डिझाइनच्या हजारो फायली आहेत. 'फाइंड' (फायली शोधणारी) आणि 'डीयू' (फोल्डरांनी व्यापलेली जागा मोजणारी) या लिनक्सच्या कमांडच्या विंडोजसाठी केलेल्या आवृत्त्या चालवल्या, की दोन-तीन मिनिटांत संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. ही साधने काढून टाकावीत का?

उत्तर : काढण्याची घाई करू नका. अशा साधनात चूक असली तर विंडोज तेवढाच प्रोग्राम बंद करते; संपूर्ण यंत्रणा कोसळते ती बहुधा कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणाऱ्या ड्रायव्हरमुळे, रॅममुळे, डिस्कमुळे किंवा वीज आणि उष्णतेमुळे. साधन हजारो फायली झपाट्याने चाळते आणि आधीपासून कच्चा असलेला दुवा त्या ताणाखाली तुटतो, म्हणून दोष साधनाच्या माथी येतो.

प्रथम विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद उघडून तिच्या तपशिलातील 'बगचेक कोड' (कोसळण्याच्या कारणाचा क्रमांक) पाहा. तो शून्य असेल तर वीजपुरवठा किंवा उष्णता यांचा संशय आधी घ्यावा. मागशेडजवळच्या एका संगणकाचे कॅबिनेट मी ऐन मे महिन्यात उघडले, तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखालील पट्ट्यांवर सुताच्या बारीक तंतूंचा नमद्यासारखा थर बसला होता आणि तो काढल्यावर संगणक पुन्हा बंद पडला नाही. आपल्याकडेही हे आधी तपासा.

कोड शून्य नसेल तर विंडोज फोल्डरातील 'मिनीडम्प'मध्ये कोसळण्याच्या वेळची स्थिती नोंदवलेली फाइल मिळते. ती मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या साधनात उघडून विश्लेषण केल्यास संशयित ड्रायव्हरचे नाव बहुतेकदा कळते. 'कर्नल डेटा इनपेज एरर' दिसली तर डिस्क किंवा तिची केबल तपासा. मात्र चेकडिस्कने पूर्ण तपासणी करण्यापूर्वी डिझाइनची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, कारण मरू घातलेल्या डिस्कला ती तपासणीच जड जाते. नाव अँटिव्हायरसच्या फिल्टर ड्रायव्हरचे निघाले तर अँटिव्हायरस नुसता थांबवून भागत नाही, कारण ड्रायव्हर कर्नलमध्ये तसाच राहू शकतो. चाचणीपुरता तो पूर्ण काढावा लागतो आणि तेवढा वेळ संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवावा लागतो.

प्रश्न : लिनक्सच्या प्रत घेणाऱ्या 'सीपी' कमांडच्या विंडोजसाठी केलेल्या जुन्या आवृत्तीने डिझाइनचे फोल्डर बॅकअपसाठी सी ड्राइव्हवर उतरवताना ड्राइव्ह गच्च भरला आणि विंडोज गोठले. मूळ फोल्डर तर जेमतेम ६ जीबीचे आहे.

उत्तर : त्या फोल्डरात कोणीतरी 'जंक्शन' केलेले असावे, म्हणजे एखादे उपफोल्डर प्रत्यक्षात वरच्याच फोल्डराकडे बोट दाखवत असावे. विंडोजसाठी केलेल्या अशा जुन्या आवृत्त्यांना जंक्शन ओळखता येत नाही. त्यांना ते साधे फोल्डर वाटते, म्हणून त्या आत शिरतात, तेथे पुन्हा तेच फोल्डर सापडते, आणि पत्ता २६० अक्षरांच्या मर्यादेला भिडेपर्यंत प्रत्येक फेरीत सगळे ६ जीबी नव्याने उतरवले जातात. 'डीआयआर' कमांडला 'एएल' आणि 'एस' हे पर्याय दिले की जंक्शनांची यादी मिळते. प्रत घेण्यासाठी विंडोजचीच रोबोकॉपी 'एक्सजे' पर्यायासह वापरा. ती जंक्शन वगळते. जंक्शन नको असेल तर ते 'आरएमडीआयआर'ने काढावे. फायली पुसणाऱ्या जुन्या 'आरएम' कमांडला आतील सर्व पुसण्याचा पर्याय देऊन ते काढू पाहाल, तर जंक्शन बाजूला राहून मूळ डिझाइनच पुसली जाण्याचा धोका आहे. एवढी एक सूचना कृपया विसरू नका.

प्रश्न : सिग्विनची (लिनक्सची साधने विंडोजवर चालवणाऱ्या संचाची) साधने मधूनच 'फोर्क' (नवी प्रक्रिया सुरू करणे) अयशस्वी झाल्याचे सांगून बंद पडतात. संगणक मात्र चालू राहतो.

उत्तर : दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर सिग्विनची मुख्य डीएलएल (प्रोग्राम सामायिकपणे वापरतात ती फाइल) आणखी एकदा आली असेल, तर दोन वेगवेगळ्या आवृत्त्या एकाच पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम जेथे शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) येऊन असा घोळ होतो. 'व्हेअर' कमांडने डीएलएल कोठे कोठे आहे ते शोधा आणि पाथमध्ये एकच, नवी आवृत्ती ठेवा. एकच सापडली, तर सिग्विनची सर्व कामे बंद करून 'रीबेसऑल' (डीएलएलना मेमरीत वेगवेगळे पत्ते देणारे सिग्विनचे साधन) चालवा.