जपानने १.०२ पेटाबिटचा विक्रम केला, मग आपल्या घरी व्हिडिओ का अडकतो?

तुम्ही विचारलंय की जपानमध्ये सेकंदाला १.०२ पेटाबिट वेग गाठला, आणि आपल्याकडे १०० एमबीपीएसचे पैसे भरूनही रात्री व्हिडिओ अडकतो; तो वेग आपल्याला कधी मिळणार?

मी फायबर जोडण्याचं काम करतो, त्यामुळे अशी बातमी आली की ओळखीपाळखीचे सगळे हेच विचारतात. तुमची चिडचिड रास्त आहे. पण तो वेग मुळात एका घरासाठी नाहीच. एक पेटाबिट म्हणजे दहा लाख गिगाबिट. तुमच्या प्लॅनने भागून बघा: एक कोटीहून जास्त घरं, सगळी एकाच वेळी पूर्ण १०० एमबीपीएस वापरतायत, आणि तो सगळा डेटा काचेच्या एकाच तंतूतून जातोय. घरच्या राउटरचं साधं लॅन पोर्ट एका गिगाबिटलाच थांबतं.

२०२५ मधला हा विक्रम एनआयसीटी ही जपानची सरकारी संशोधन संस्था आणि सुमितोमो इलेक्ट्रिक यांच्या गटाचा. नेहमीच्या फायबरमध्ये प्रकाश मधल्या एकाच कोअरमधून, म्हणजे काचेच्या गाभ्यातून जातो. यांच्या फायबरमध्ये तसे १९ कोअर होते, आणि तरी बाहेरची जाडी नेहमीचीच, ०.१२५ मिलिमीटर. अंतर १,८०८ किलोमीटर. एवढी लांब केबल कुठे टाकलेली नव्हती, ८६.१ किलोमीटरच्या फायबरमधून प्रकाशाला २१ फेरे मारायला लावले. खरं कौतुक या अंतराचं आहे. पेटाबिटचा टप्पा याच संस्थेने २०२२ मध्येही ओलांडला होता, पण ५१.७ किलोमीटरवर. अंतर वाढलं की प्रकाश क्षीण होतो, त्याला वाटेत पुन्हा पुन्हा बळ द्यावं लागतं, आणि शेजारच्या कोअरमधले सिग्नल एकमेकांत मिसळतात. ते टोकाला गणिताने वेगळे काढावे लागतात. हे जमवणाऱ्यांना माझा मनापासून सलाम.

माझं लक्ष मात्र आधी जॉइंटकडे जातं. आमच्या रोजच्या फायबरचा कोअर साधारण ९ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). टोकं सोलायची, अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने सरळ कापायची आणि मशीनमध्ये ठेवायची. मशीन ती समोरासमोर आणून आर्क देतं, म्हणजे विजेच्या ठिणगीने काच वितळवून जोडतं, आणि लॉस, म्हणजे जोडावर किती प्रकाश वाया जातो ते दाखवतं. ०.०२ डीबी इतका नगण्य दिसला की संरक्षक स्लीव्ह चढवून पुढच्या रंगाचा तंतू घ्यायचा. १९ कोअर असले की नुसतं समोरासमोर आणून भागत नाही, तंतू स्वतःभोवती फिरवून प्रत्येक कोअरला त्याचाच जोडीदार मिळेल असं बसवावं लागतं. जेसीबीने तोडलेली केबल पावसात, रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून जोडताना हे करायचं म्हणजे फारच अवघड.

म्हणून २०२४ चा ४०२ टेराबिटचा विक्रम मला आपल्यासाठी जास्त मोलाचा वाटतो. त्यातही एनआयसीटी होतीच. अंतर फक्त ५० किलोमीटर, पण फायबर साधं सिंगल मोड, म्हणजे आज आपल्या रस्त्यांखाली आहे त्याच जातीचं. कोअर एकच, एरवी रिकामे राहणारे प्रकाशाचे बँडही (तरंगलांबीचे पट्टे) त्यांनी वापरात आणले. हे तंत्र बाजारात आलं तर रस्ते पुन्हा न खोदता, दोन्ही टोकांची आणि वाटेतली यंत्रं बदलून क्षमता वाढवता येईल.

एक गोष्ट मात्र यातल्या कुठल्याच विक्रमाने बदलत नाही, ती म्हणजे पिंग, सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटर जाऊन परत यायला १० मिलिसेकंद लागणारच.

मग आपला फायदा कुठे? सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या आणि भारतातही नेट मंदावलं. अशा वेळी वाहतूक दुसऱ्या मार्गांवर वळवतात. त्या मार्गांवर भरपूर जागा शिल्लक असेल तर घरात कुणाला पत्ताही लागत नाही. ती जागा असल्याच संशोधनातून मिळते.

तुमच्या व्हिडिओचं कारण बहुधा घराच्या जवळच सापडेल. घरी जीपॉन असेल, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटून देणारी पद्धत, तर एका फायबरवरचे सुमारे २.५ गिगाबिट स्प्लिटरमधून (प्रकाश वाटणाऱ्या डबीतून) ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. आधी लॅपटॉप लॅन केबलने जोडून स्पीड तपासा. तिथे १०० येत असेल तर दोष वायफायचा आहे, राउटर कपाटामागून बाहेर काढा. फक्त रात्रीच कमी येत असेल तर ऑपरेटरला विचारा की एका पोर्टवर, म्हणजे अशा एका फायबरवर, किती घरं टाकलीत. दिवसाही कमी येत असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल पॉवर, म्हणजे घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद बघा. उणे २० डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) आसपास असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेली असेल तर कुठेतरी फायबर दुमडलीय किंवा जॉइंट खराब झालाय. तक्रार करताना नुसतं 'नेट स्लो आहे' म्हणू नका, हा आकडा सांगा आणि लाइन तपासायला माणूस पाठवायला लावा.