नागपुरात घरातल्या ग्रो टेंटसाठी कोणता एलईडी दिवा घ्यावा?

तुमचा प्रश्न असा, की फ्लॅटच्या उत्तरेकडच्या खोलीत 2 बाय 2 फुटांचा ग्रो टेंट, म्हणजे दिव्याखाली झाडं वाढवायचा बंद तंबू, लावून लेट्यूस, बेसिल, कोथिंबीर आणि जमलं तर मिरची घ्यायची आहे, आणि '1000 वॅट' लिहिलेला जांभळा दिवा ऑनलाइन स्वस्तात मिळतोय, तर तो घ्यावा का. नका घेऊ. एवढ्याशा टेंटमध्ये खरंच 1000 वॅट जाळले, तर मे महिन्यात आत भाजी नाही, पापड भाजून निघतील. पण तो दिवा तेवढी वीज ओढतच नाही. असे '1000 वॅट' बहुतेक वेळा प्रत्यक्षात 100 वॅटच्या आसपास भरतात. खोक्यावर किंवा वर्णनात अगदी तळाशी बारीक अक्षरात खरा वापर लिहिलेला असतो, तो शोधा. तिथेही नसेल, तर त्या विक्रेत्याला रामराम.

पुण्या-मुंबईचे लोक दिवा निवडताना आधी उजेड बघतात. नागपुरात आधी उष्णता बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दिव्याने ओढलेला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी टेंटमध्ये उष्णता होऊनच राहतो, मग तो उजेड म्हणून आधी पानावर का पडेना. हिशेब सोपा आहे. ताशी 100 घनमीटर हवा बाहेर खेचणारा पंखा असेल, तर 100 वॅटचा दिवा टेंटमधली हवा खोलीपेक्षा साधारण 3 अंशांनी गरम ठेवतो, 50 वॅटचा दीड अंशाने. डिसेंबरात हे 3 अंश हवेहवेसे वाटतात. नवतप्यात बाहेर पारा 45 च्या पुढे, कूलर लावूनही खोली तिशीच्या खाली यायला तयार नाही, तेव्हा हेच 3 अंश लेट्यूसला कडू करतात आणि त्याचा दांडा वर काढतात.

म्हणून पहिला प्रश्न 'किती वॅट' हा नाही. एका वॅटमागे दिवा झाडाच्या कामाचा उजेड किती देतो, हे विचारा. हा आकडा 'मायक्रोमोल प्रति ज्यूल' असा लिहितात. चांगल्या दिव्यात तो 2.5 किंवा त्याहून जास्त असतो, हलक्या मालात 1 ते 1.5. म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी हलका दिवा जवळपास दुप्पट वीज खातो आणि दुप्पट गरमी देतो. स्वस्त दिवा आपल्याकडे महाग पडतो तो असा: एकदा महावितरणच्या बिलात आणि पुन्हा कूलरच्या पाण्यात. लुमेनचा आकडा मात्र बाजूला ठेवा. लुमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, झाडाच्या नाही.

आता तुमच्या टेंटला किती लागेल ते बघू. पानावर दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल उजेड पडतो, त्याला पीपीएफडी म्हणतात. लेट्यूस, बेसिल यांना 14 तास दिवा चालवला तर 250 ते 300 पुरतात. मिरचीला फळ धरायचं असेल तर 500 च्या घरात जावं लागतं. 2 बाय 2 फूट म्हणजे साधारण 0.37 चौरस मीटर. भिंतींवर थोडा उजेड वाया जातो असं धरलं, तर 2.5 च्या दिव्यातून पालेभाजीला साधारण 50 वॅट आणि मिरचीला 85 ते 90 वॅट लागतात. हे खरे वॅट हं, खोक्यावरचे नाहीत.

मी म्हणेन, 100 वॅटचा एलईडी बोर्ड, म्हणजे चिप बसवलेला सपाट दिवा, डिमरसकट घ्या आणि पालेभाजीसाठी तो अर्ध्यावर चालवा. पूर्ण ताकदीने चालणाऱ्या 50 वॅटच्या दिव्यापेक्षा अर्ध्यावर चालणारा 100 वॅटचा दिवा जास्त बरा. चिपमधून कमी करंट गेला की ती थंड राहते, त्याच विजेत थोडा जास्त उजेड देते आणि टिकतेही. शिवाय मे महिन्यात हवा तेवढा कमी करायची सोय हाताशी राहते. डिमर नसलेला दिवा नागपुरात घेऊच नये.

रंगाबद्दल फार डोकं लावू नका. पांढरा, 3000 ते 4000 केल्विन छटेचा, त्यात 660 नॅनोमीटरच्या थोड्या लाल चिप असतील तर उत्तम. झाडं हिरवा उजेड वापरतच नाहीत, या समजुतीवर जांभळे दिवे विकले गेले. पण मॅक्री या संशोधकाने 1972 मध्येच दाखवलं होतं की हिरव्या उजेडावरही प्रकाशसंश्लेषण बऱ्यापैकी चालतं. माझ्या दृष्टीने त्याहून मोठं कारण म्हणजे जांभळ्या उजेडात पान काळं दिसतं. लाल कोळी, पांढरी माशी, पिवळी पडलेली शीर, काहीच ओळखू येत नाही. वर समोरच्या बिल्डिंगमधले काका रोज विचारणार की घरात रात्रभर हे काय चालू असतं!

दिवा घेताना ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा डबा, वेगळा काढून टेंटच्या बाहेर टांगता येतो का, हे नक्की बघा. 100 वॅटच्या दिव्यात ड्रायव्हरच 6 ते 10 वॅट गरमी सोडतो, ती आत कशाला? त्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असावा, आणि तो 100 ते 277 व्होल्टवर चालणारा असेल तर व्होल्टेज खालीवर झालं तरी धकतं. जूनच्या पहिल्या वादळात विजा कडकडायला लागल्या की प्लग काढून ठेवा. टेंटमध्ये पाणी आणि ओल असते, तेव्हा अर्थिंग असलेला तीन पिनचाच सॉकेट वापरा. लाइट गेली तर दिव्यासाठी इन्व्हर्टर लागत नाही, दोन-तीन तास अंधारात झाडाचं काही बिघडत नाही. उन्हाळ्यात पंखा मात्र इन्व्हर्टरवर हवा.

वेळेचं म्हणाल तर मी उन्हाळ्यात दिवा रात्री 8 ते सकाळी 10 असा टायमरवर ठेवतो आणि दुपारी झाडांना अंधार देतो. झाडाला दिवस कोणता नि रात्र कोणती, हे तुमचा टायमर सांगतो, सूर्य नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेलाच असतो. मग सुरुवात आणखी उशिरा करा. टेंट कूलरच्या थेट झोतात नको. पण पंख्याची हवा ज्या तोंडातून आत येते, ते कूलरच्या बाजूला ठेवा. जुलैपासून हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा पंखाच जास्त चालवा, नाहीतर बुरशी धरते.

उंची 30 ते 45 सेंटिमीटरपासून सुरू करा. फोनवरचं लक्स मोजायचं ॲप अचूक नसतं, पण पांढऱ्या दिव्याखाली त्याचा आकडा 70 ने भागला की पीपीएफडीचा ढोबळ अंदाज येतो. 18,000 लक्स दिसले तर पालेभाजीला पुरे. मध्यापेक्षा कोपऱ्यात अर्धाच आकडा आला तर दिवा थोडा वर घ्या.

राहिला सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. लांब दिवस आणि गरमी मिळाली की तो पटकन फुलावर येतो. त्याला 12 तासच द्या आणि पेरणी ऑक्टोबर ते जानेवारीत करा. लेट्यूसचंही तसंच. मे महिन्यात बेसिल, लाल माठ घ्या, उष्णता सोसतात. आणि मिरचीसाठी टेंट अडवू नका. कुठल्याही बाल्कनीत सकाळचं चार-पाच तास ऊन येत असेल तर कुंडी तिथे ठेवा, एप्रिल-मेमध्ये वर ग्रीन नेट बांधा. तेवढं ऊन विजेवर विकत घेण्यात काही अर्थ नाही.