माळ्यावरचा १९९० च्या सुमाराचा व्हॅक्युम क्लीनर सुरू केला की ठिणग्या उडतात, जळका वास येतो. दुरुस्त करावा की भंगारात द्यावा?

दुरुस्त करा, कारण बहुतेकदा फक्त कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे) झिजलेले असतात. प्लग काढून मोटर उघडा. कार्बन ६-७ मिमीपेक्षा आखूड असले तर दोन्ही एकदमच बदला. नवे जुन्याच जाडी-रुंदीचे घ्या, होल्डरमध्ये न अडकता सरकले पाहिजेत. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) ४०० नंबरच्या काचकागदाने पुसा, एमरी कागद नको, त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत रुततात. खाचा टोकदार काडीने कोरून काढा. हाताने फिरवताना घरघर आली तर बेअरिंग बदला. बहुधा ६०८ नंबरचं निघतं, बेअरिंगच्या दुकानात मिळतं.

आपल्या कापसाच्या भागात खरा घात कापसाच्या तंतूंनी होतो. अशा बऱ्याच जुन्या यंत्रांत ओढलेल्या हवेनेच मोटर थंड राहते. घरात कापूस भरलेला असताना त्याचा फुफाटा ओढला की फिल्टर नमद्यासारखा गच्च होतो, आवाज चढतो, ओढ कमी होते आणि वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) तापतं. कापडी पिशवी दर वेळी झटका.

मात्र आर्मेचरचं (मोटरच्या फिरत्या भागाचं) वाइंडिंग काळं पडलं असेल, किंवा मोटर वाइंडरकडच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) १ मेगाओहमपेक्षा कमी रीडिंग येत असेल, तर खर्च करू नका. रिवाइंडिंगनंतर इतक्या वेगाला लागणारा बॅलन्स गावात साधत नाही.