तुझा आकडा काय?

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला, स्क्रीनशॉटही नीट पाहिले. तुझा अ‍ॅफिलिएटचा धंदा असा: तू चॅनलवर बँकेची लिंक टाकतोस, तिच्यावरून खातं उघडलं की बँक पैसे देते आणि मधला दलाल, म्हणजे नेटवर्क, त्यातून तुला कमिशन देतं. मागच्या महिन्यात तुझ्या लिंकवरून 68 झिरो बॅलन्स खाती उघडल्याचं नेटवर्कच्या डॅशबोर्डवर दिसत होतं. त्यातली 29 'अ‍ॅप्रूव्ह्ड' झाली आणि 39 'इनव्हॅलिड' म्हणून उडाली. नेटवर्कचा मॅनेजर म्हणतो बँकेनेच लीड (तू पाठवलेली गिऱ्हाईकं) नाकारल्या, पुढच्या महिन्यापासून रेट वाढवून देतो, आता जास्त ताणू नको. इकडे तुझ्याच चॅनलवरची पोरं तुला सांगतात, "दादा, व्हिडिओ केवायसी झाली, खात्यात हजार रुपये पण टाकले." आणि शेवटी तू मला विचारलंस, "आप्पा, आते काय करानं?"

68 हा त्यांचा आकडा. 29 हाही त्यांचाच. बेटा, तुझा आकडा काय?

तुझ्या सगळ्या मेसेजमध्ये तो कुठेच नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. तू मेहनती आहेस, प्रामाणिक आहेस, खोट्या लीड टाकणाऱ्यातला नाहीस, ते मला माहीत आहे. पण आपण किती माल दिला हे तू ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्यालाच विचारतोयस. तुझे वडील सावद्याकडे केळी देतात, तेव्हा काय करतात ते आठव. गाडी आधी दुसऱ्या भुईकाट्यावर नेतात, वजनाची चिठ्ठी खिशात ठेवतात, मग व्यापाऱ्याकडे जातात. त्यांच्या त्या छोट्या डायरीत गाडी नंबर, तारीख, वजन, दांड्याची कटती आणि माल उतरवून घेणाऱ्याची सही असते. रावेर-यावल पट्ट्यात पैसे बुडवून पळालेले व्यापारी त्यांनी पाहिलेत, म्हणून डायरी आहे. त्याच घरातला मुलगा असून तुझ्याकडे वही नाही याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

आधी न्यायाची बाजू सांगतो, नाहीतर उद्या तू प्रत्येक नेटवर्कला चोर म्हणत सुटशील. लीड खरोखरच रद्द होतात. माणसाचं त्या बँकेत आधीपासून खातं असतं, केवायसी अर्धवट सुटते, पहिली रक्कम भरायची राहते. माल विकत असशील तर कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत जातं आणि कमिशनही जातं. मुदतीचाही प्रश्न असतो. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात क्लिकनंतर साधारण 24 तासांची खिडकी असते, त्यानंतर गिऱ्हाईक पुन्हा सरळ साइटवर जाऊन घेतं तर ते तुझ्या नावावर येत नाही. कधी तर चोर नेटवर्क नसतंच. 2024 च्या डिसेंबरमध्ये हनी या कूपन शोधणाऱ्या ब्राउझर एक्स्टेंशनवर आरोप झाले की खरेदीच्या अगदी शेवटी ते दुसऱ्याची अ‍ॅफिलिएट ओळख पुसून स्वतःची बसवतं. पेपालने 2020 मध्ये सुमारे 4 अब्ज डॉलरला घेतलेली ती कंपनी, आणि त्यावरून अमेरिकेत दावे दाखल झाले. तेव्हा 39 खाती रद्द झाली म्हणजे फसवणूक झालीच, असं मी म्हणणार नाही. पण रद्द झालेल्या प्रत्येक खात्याचा क्लिक आयडी, म्हणजे त्या क्लिकला दिलेला वेगळा नंबर, आणि कारण मागितल्यावर जे नेटवर्क देत नाही, त्याच्याबद्दल माझं मत तिथेच ठरतं.

आणि खरं सांगू? मला 39 पेक्षा 68 ची काळजी जास्त वाटते.

रद्द झालेलं निदान दिसतं तरी. गिऱ्हाईकाचं काम पूर्ण झालं की बँकेचा सर्व्हर क्लिक आयडीसकट नेटवर्कला निरोप पाठवतो, त्याला पोस्टबॅक म्हणतात. नेटवर्क तोच निरोप पुढे तुझ्या खात्यात चढवतं. मधल्या जागेत निरोप गिळला तर तुझ्या डॅशबोर्डवर काहीच उमटत नाही, पेंडिंग नाही की रिजेक्टेड नाही. याला धंद्यात शेव्हिंग म्हणतात. काही ट्रॅकिंग सॉफ्टवेअरमध्ये तर ठराविक टक्के कन्व्हर्जन, म्हणजे पूर्ण झालेली कामं, पब्लिशरला, म्हणजे तुझ्यासारख्या लिंक टाकणाऱ्याला, न दाखवण्याची सोयच असते, बटण फिरवलं की झालं. बँकेकडून नेटवर्कला सगळ्या खात्यांचे पैसे येतात, तुला काहींचेच मिळतात. खाती 68 च होती की 90, हे तुला डॅशबोर्ड कधीच सांगणार नाही. म्हणून पुन्हा विचारतो, तुझा आकडा काय?

तो कसा काढायचा ते लिहितो. नेटवर्कची लिंक चॅनलवर थेट टाकणं आजपासून बंद. स्वतःच्या डोमेनवरून वळवून पाठव, म्हणजे प्रत्येक क्लिकची वेळ, कोणत्या पोस्टवरून आला आणि त्याचा वेगळा आयडी तुझ्या शीटमध्ये पडेल. तोच आयडी सब-आयडीच्या, म्हणजे तुझ्या खुणेसाठी ठेवलेल्या, रकान्यातून नेटवर्ककडे जाऊ दे. पोस्टबॅक स्वतःच्या सर्व्हरवरही मागून घे. मग चॅनलवरच्या ज्या पोरांना खरंच खातं हवं आहे त्यांना सांग, की खातं सुरू झाल्यावर दिवस आणि वेळ मला कळवा. फक्त दिवस आणि वेळ. त्यांचा खाते क्रमांक, ओटीपी, कागदपत्रं यातलं काहीही मागायचं नाही. स्वतःच्या लिंकवरून स्वतःचं किंवा भावाचं खातं उघडून चाचणी करू नकोस. बहुतेक ठिकाणी ते नियमात बसत नाही, आणि तुझं अकाउंट बंद करायला त्यांना आयतं कारण मिळेल.

एकच ऑफर दोन नेटवर्ककडे असेल तर एकाआड एक क्लिक दोन्हीकडे वाट. सारखी गर्दी, सारखी पोस्ट, तीच बँक. एकाकडे शंभर क्लिकमागे आठ खाती उतरतात आणि दुसऱ्याकडे महिनोन्‌महिने चारच, तर तुला कळायचं ते कळेल. पण पाच-दहा खात्यांवरून कुणावर बोट ठेवू नकोस, लहान आकडे उड्या मारतातच.

बाकी खुणा ओळखायला सोप्या आहेत. सुरुवातीचे छोटे पेआउट घड्याळ लावून येतात, रक्कम मोठी झाली की 'रिव्ह्यू' सुरू होतो. कराराप्रमाणे 30 दिवसांत द्यायचे ते गुपचूप 60 वर जातात. तू किमान रकमेच्या जवळ पोचलास की किमान रक्कमच वाढते. एकदा अ‍ॅप्रूव्ह झालेलं कमिशन दोन महिन्यांनी मागे घेतलं जातं आणि कारण विचारलं तर 'अ‍ॅडव्हर्टायझरचा निर्णय', म्हणजे जाहिरात देणाऱ्या बँकेचा, एवढंच उत्तर येतं. पैसे द्यायच्या आठवड्यात अचानक 'संशयास्पद ट्रॅफिक' सापडतो. आणि तक्रार केली की रेट वाढवून मिळतो. बेटा, यातलं शेवटचं तुझ्याबाबतीत झालं आहे. ज्या खात्यांची मोजणी त्यांच्याच हातात आहे, त्यांचा रेट दुप्पट केला तरी त्यांचं काय जातं?

करारही वाचलेला नाहीस, हे तुझ्या प्रश्नांवरून कळतं. आज वाच. 'नेटवर्कचा आकडा अंतिम राहील' असं एक कलम असेल आणि 'अ‍ॅडव्हर्टायझरकडून पैसे आले तरच पब्लिशरला देऊ' असं दुसरं असेल. ही कलमं सर्रास असतात, त्यामुळे सही करणाऱ्याला मूर्ख म्हणत नाही. पण पहिल्या कलमावर सही केलेल्या माणसाला स्वतःची वही दुप्पट लागते.

टीडीएसकडे, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायच्या कराकडे, तुझं लक्षच गेलेलं नाही. नेटवर्क भारतातलं आहे, कमिशनवर टीडीएस कापतं. 2024 च्या ऑक्टोबरपासून हा दर 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आला. कर पैसे हातात देताना किंवा त्यांच्या हिशोबात तुझ्या नावावर जमा करताना, यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. तेव्हा आयकर खात्याच्या साइटवर तुझं 26एएस, म्हणजे तुझ्या नावावर कापलेल्या कराचं पत्रक, उघड आणि नेटवर्कने तुझ्या नावावर किती रक्कम दाखवली आहे ते बघ. तुला सांगितलेला आकडा आणि सरकारला सांगितलेला आकडा जुळत नसेल, तर त्यांच्याच हातचा कागद तुझ्याकडे आला. आणि तुझ्या पैशातून टीडीएस कापून तिथे जमाच केला नसेल, तर तो वेगळाच गुन्हा आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते, याच आठवड्यात करून टाक. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावं लागतं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि दाद मागायला परिषद आहे. वाद पेटल्यावर केलेली नोंदणी मागच्या बिलांना लावून घेणं कठीण, म्हणून आधी कर. पुढे एखादं नेटवर्क परदेशातलं असेल तर यातलं काही कामाचं नाही, तिथे थकबाकी वाढू न देणं एवढंच तुझ्या हातात आहे.

तू विचारलंस, भांडलो तर अकाउंट बंद करतील का. करतील. मग? जे खातं तुझे अर्धे पैसे खातं ते चालू राहून तुझं काय भलं होणार आहे?

जळगावात मला अजून हेकट म्हणतात. ज्या नेटवर्ककडे सगळ्यात जास्त रेट होता ते मी सोडलं, कारण क्लिकनिहाय यादी मागितली आणि त्यांनी दिली नाही. पुढे बरेच दिवस घर तुझ्या काकूच्या शाळेच्या पगारावर चाललं. लोक म्हणाले, थोडं कमी मिळालं असतं पण मिळत होतं ना. मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, किती कमी ते सांगा. कुणालाच सांगता आलं नाही. माझ्या वहीत यादी होती म्हणून मी सोडू शकलो, ज्यांच्याकडे नव्हती ते 'थोडं कमी' म्हणत राहिले. तो निर्णय बरोबर होता. काकूला विचारलंस तर ती कदाचित वेगळं सांगेल, पण तिच्यासमोरही मी हेच म्हणतो.

खंत आहे ती दुसऱ्या गोष्टीची. आम्ही काही जण तेव्हा एकाच नेटवर्कवर होतो आणि कमाई झाकून ठेवायची सवय असल्याने एकमेकांना आकडे दाखवत नव्हतो. सगळ्यांचं कन्व्हर्जन एकाच आठवड्यात खाली आलं होतं, हे फार उशिरा कळलं. त्यातल्या एका मित्राने पेंडिंग दिसणाऱ्या रकमेच्या भरवशावर पतपेढीचं कर्ज काढून जाहिराती चालवल्या होत्या. रक्कम रिव्हर्स झाली, हप्ते राहिले. आज तो भुसावळला मोबाईल दुरुस्त करतो, चांगलं करतो, पण मी त्याला माझी वही वेळेत दाखवली असती तर त्याने ते कर्ज काढलं नसतं. म्हणून तुला सांगतो, चोपड्याचा तुझा तो मित्र आणि शिरपूरची ती मुलगी त्याच नेटवर्कवर आहेत ना? त्यांना फोन कर. तुझी शीट त्यांना दाखव, त्यांची बघ. लाजू नकोस. आणि पेंडिंग रक्कम खर्चात धरू नकोस, बँकेत आलेला रुपयाच तुझा.

आता लगेचचं काम. डॅशबोर्डवरचं सगळं सीएसव्हीमध्ये, म्हणजे तक्त्याच्या फाइलमध्ये, उतरवून घे, अगदी पहिल्या दिवसापासूनचं. अकाउंट बंद झालं की लॉगिनसकट सगळं जातं. मग मॅनेजरला फोन करू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपही नको. ईमेल लिही, भाषा सभ्य ठेव:

"मागच्या महिन्यातील रद्द झालेल्या 39 लीडची क्लिक आयडीनिहाय यादी, प्रत्येकीचं कारण आणि बँकेने नाकारल्याची तारीख 7 दिवसांत पाठवावी. यांपैकी काही ग्राहकांनी खातं सुरू झाल्याचं मला कळवलं आहे, त्यांचे क्लिक आयडी आणि वेळ सोबत जोडत आहे. यादी मिळेपर्यंत नवीन रेटबाबतचा निर्णय मी घेणार नाही."

'सोबत जोडत आहे' म्हटलंयस तर जोडायला काहीतरी हवं. त्या पोरांशी आजच बोल. ज्यांना दिवस-वेळ आठवते त्यांचीच नावं स्वतःपुरती लिही, ती वेळ सीएसव्हीशी ताडून त्यांचा क्लिक आयडी शोध, ईमेलमध्ये फक्त आयडी आणि वेळ जाऊ देत. एखाद्याबद्दल शंका असेल तर ती नोंद गाळ, एक चुकीची निघाली तर ते बाकीच्या सगळ्या फेटाळतील.

ईमेल पाठवायच्या आधी मला दाखव. सीएसव्ही आणि तुझी शीट, दोन्ही जोडून पाठव. नुसती सीएसव्ही पाठवलीस तर मी उघडणार नाही.

तुझा,
आप्पा